तंबाखू, धूम्रपान आणि कायदा : नाशिककरांकडून वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शाळांचे मुख्याध्यापक, सोसायट्यांचे सचिव, हॉटेलचालक, सातपूर-अंबडच्या कंपन्यांमधले एचआर आणि घरातल्या माणसाची तंबाखू सुटावी म्हणून धडपडणारे नातेवाईक यांच्याकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. एका उत्तरात आलेली माहिती दुसऱ्यात परत दिलेली नाही, तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. तंबाखूविरोधी कायदा म्हणजे नेमका कोणता कायदा?

एक नाही, चार आहेत. बहुतेक तक्रारी वाया जातात त्या इथेच, कारण एका कायद्याची तक्रार दुसऱ्याच्या कार्यालयात जाते. सिगारेट आणि इतर तंबाखूजन्य उत्पादने कायदा, २००३, म्हणजे ज्याला सगळे ‘कोटपा’ म्हणतात, तो सार्वजनिक धूम्रपान, जाहिरात, शाळेजवळची विक्री, अल्पवयीनांना विक्री आणि पाकिटावरचा इशारा या गोष्टी बघतो. गुटखा आणि सुगंधित तंबाखू अन्न सुरक्षा कायद्याखाली येतात, म्हणजे ते काम अन्न व औषध प्रशासनाचं. ई-सिगारेटसाठी २०१९ चा स्वतंत्र बंदी कायदा आहे. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू दिली तर बाल न्याय कायद्याचं कलम ७७ लागतं.

२. आमच्या भागात सिगारेट ओढणारे मोजकेच. मग एवढी ओरड कशासाठी?

निरीक्षण बरोबर आहे, निष्कर्ष चुकीचा आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात ओढणारे प्रौढ ३.८ टक्के, पण बिनधुराची तंबाखू घेणारे २४.४ टक्के. देशभरात हेच आकडे १०.७ आणि २१.४ टक्के आहेत. आपल्याकडचा प्रश्न मळलेली तंबाखू, मावा, गुटखा आणि मशेरीचा आहे. जगभरातली धोरणं मुख्यतः सिगारेट समोर ठेवून लिहिली गेली. ती जशीच्या तशी नाशिकला लावली तर धूर कमी होतो, पुडी तशीच राहते. म्हणून इथे दोन्हींचा विचार केला आहे.

३. जगभर यासाठी काय चाललंय आणि भारत त्यात कुठे आहे?

जागतिक आरोग्य संघटनेचा तंबाखू नियंत्रण करार २१ मे २००३ रोजी स्वीकारला गेला आणि २७ फेब्रुवारी २००५ पासून लागू झाला. भारताने ५ फेब्रुवारी २००४ रोजी त्याला मान्यता दिली. आज १८० हून अधिक सदस्य त्याने बांधलेले आहेत. करार प्रत्यक्षात आणण्यासाठी २००८ मध्ये सहा उपायांचा संच ठरला: वापरावर सतत लक्ष ठेवणं, लोकांना धुरापासून वाचवणं, सोडायला मदत, धोक्याचे इशारे, जाहिरातबंदी आणि करवाढ. हे सहाही सर्वोच्च पातळीवर आधी राबवले ते ब्राझील आणि तुर्कीने. पुढे मॉरिशस आणि नेदरलँड्स त्यात आले.

कामाच्या सगळ्या बंदिस्त जागा धूरमुक्त करणारा पहिला देश आयर्लंड, मार्च २००४. पबचा धंदा बसेल ही तिथली मोठी भीती होती. तरी कायदा टिकला आणि इतर देशांनी तो उचलला. ऑस्ट्रेलियाने डिसेंबर २०१२ पासून पाकिटावरून कंपनीचे रंग आणि बोधचिन्हं काढून टाकली. उरुग्वे हा पस्तीस लाख वस्तीचा देश. त्याने पाकिटाचा ८० टक्के भाग इशाऱ्याला दिला म्हणून फिलिप मॉरिसने त्याला आंतरराष्ट्रीय लवादात खेचलं, आणि २०१६ मध्ये उरुग्वे जिंकला. भारतात १ एप्रिल २०१६ पासून पाकिटाच्या दोन्ही मुख्य बाजूंचा ८५ टक्के भाग इशाऱ्याचा आहे.

४. ‘सार्वजनिक ठिकाण’ कशाला म्हणायचं? रस्त्यावर ओढली तर चालते का?

जिथे लोकांना प्रवेश आहे अशी ठिकाणं: कार्यालय, कारखाना, दवाखाना, न्यायालय, सिनेमागृह, मॉल, ग्रंथालय, हॉटेल, बस, रिक्षा. मूळ कायद्यात ‘मोकळी जागा’ वगळलेली आहे, त्यामुळे साध्या फुटपाथवर हे कलम लागत नाही. मात्र २ ऑक्टोबर २००८ पासूनच्या नियमांनी ही पळवाट अरुंद केली. रेल्वे स्थानक, बसथांबा, स्टेडियम, खुलं प्रेक्षागृह ‘आणि अशी इतर ठिकाणं’ उघड्यावर असली तरी ती मोकळी जागा मानली जात नाहीत. म्हणून नाशिकरोडच्या फलाटावर, सीबीएसच्या आवारात किंवा सिटीलिंकच्या थांब्यावर ओढणं हा गुन्हा आहे. सिंहस्थात घाटांवर गर्दी असताना कारवाई करायची तर आधार याच ‘अशी इतर ठिकाणं’ शब्दांचा घ्यावा लागेल; तिथे आधीपासून फलक लावलेले असतील तर वाद कमी होतात.

एक महत्त्वाचा अपवाद: हे कलम फक्त धूम्रपानाचं आहे. सार्वजनिक ठिकाणी तंबाखू खाणं कोटपाखाली गुन्हा नाही. थुंकणं मात्र पोलीस आणि महापालिकेच्या नियमांखाली दंडपात्र आहे.

५. दंड किती, आणि तो करणार कोण?

कमाल २०० रुपये. २००३ साली ठरलेला आकडा अजून तोच आहे. आमच्या मते तो आता फारच तोकडा आहे. तरीही दंड करण्याचा अधिकार फक्त पोलिसांना आहे हा समज चुकीचा. आपापल्या आवारात मुख्याध्यापक, प्राचार्य, शिक्षक, रुग्णालयाचे अधीक्षक, स्टेशनमास्तर, ग्रंथपाल, पोस्टमास्तर, खासगी कंपनीचे एचआर व्यवस्थापक यांनाही तो आहे. पावतीपुस्तक मात्र हवंच. पावती न देता घेतलेले पैसे म्हणजे वसुली, आणि तिथूनच कार्यालयातली भांडणं सुरू होतात. पावतीपुस्तक कुठून मागवायचं हे जिल्हा रुग्णालयातल्या जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला विचारा.

६. ‘धूम्रपान निषिद्ध’ फलक छापून घ्यायचा आहे. मापं काय?

किमान ६० बाय ३० सेंटिमीटर, पांढरी पार्श्वभूमी. त्यावर किमान १५ सेंटिमीटर व्यासाचं वर्तुळ, त्याची लाल कड किमान ३ सेंटिमीटर रुंद, आत धूर सोडणारी सिगारेट किंवा विडी आणि तिच्यावर कडेइतक्याच रुंदीची लाल तिरपी पट्टी. खाली मजकूर: ‘धूम्रपान निषिद्ध क्षेत्र – येथे धूम्रपान करणे हा गुन्हा आहे’. तक्रार ज्याच्याकडे करायची त्याचं नावही हवं. फलक प्रवेशद्वारावर, प्रत्येक मजल्यावर, जिन्याच्या आणि लिफ्टच्या तोंडाशी लागतो.

नेहमी होणाऱ्या चुका दोन. एकच फलक गेटवर लावून थांबणं, आणि तक्रार अधिकाऱ्याची जागा कोरी ठेवणं. आवारात रक्षापात्र किंवा लायटर ठेवलेलंही चालत नाही. तक्रार येऊनही जबाबदार माणसाने काही केलं नाही, तर जितके गुन्हे तितका दंड त्याच्यावर बसू शकतो.

७. आमच्या हॉटेलात स्मोकिंग रूम ठेवता येईल का? आणि हुक्का?

किमान ३० आसनांचं उपाहारगृह, किमान ३० खोल्यांचं हॉटेल किंवा विमानतळ असेल तरच. खोलीला चारही बाजूंनी छतापर्यंत भिंती, आपोआप बंद होणारं दार आणि हवा थेट बाहेर फेकणारी वेगळी यंत्रणा लागते. आतला दाब बाहेरपेक्षा कमी हवा, म्हणजे दार उघडलं तरी धूर बाहेर येत नाही. ती येण्याजाण्याच्या वाटेवर नको. अठरा वर्षांखालच्यांना आत प्रवेश नाही आणि २०१७ च्या दुरुस्तीपासून आत खाणंपिणं किंवा दुसरी कोणतीही सेवा देता येत नाही. टेबलांमध्ये काचेचा पडदा घालून ‘स्मोकिंग झोन’ लिहिणं बेकायदा आहे. कॉलेज रोड-गंगापूर रोडच्या कॅफेवाल्यांनी हे नीट वाचावं.

हुक्का पार्लरवर महाराष्ट्रात २०१८ पासून बंदी आहे. शिक्षा एक ते तीन वर्षं कैद आणि ५० हजार ते १ लाख रुपये दंड.

८. शाळेच्या समोर पानटपरी आहे. १०० यार्ड कुठून मोजायचे?

शाळेच्या कुंपणाच्या बाहेरच्या कडेपासून, सर्व दिशांना, सरळ रेषेत. गेटपासून नाही आणि रस्त्याने चालत जाऊन नाही. १०० यार्ड म्हणजे ९१.४४ मीटर. टपरीवाला हमखास सांगतो की ‘गेटपासून दीडशे मीटर आहे’. मागच्या भिंतीपासून ती चाळीस मीटरवर असेल तर ती हद्दीतच आहे.

कामाचा क्रम असा ठेवा. फोनवरच्या नकाशात कुंपणाच्या कोपऱ्यापासून अंतर मोजा आणि त्याचं चित्र जपून ठेवा. मग मोजपट्टीने खात्री करा. शाळेच्या बाहेर १०० यार्डांत विक्रीबंदी असल्याचा फलक लावा. तो नसेल तर विक्रेता ‘मला माहीत नव्हतं’ म्हणतो. रस्त्यावर पिवळी रेघ मारून घ्या. ‘तंबाखूमुक्त शैक्षणिक संस्था’ उपक्रमाच्या निकषांत ती आहेच. त्यानंतर मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र स्थानिक पोलीस ठाण्याला आणि महापालिकेच्या विभागीय कार्यालयाला द्या, प्रत जिल्हा तंबाखू नियंत्रण कक्षाला. ग्रामीण भागात महापालिकेच्या जागी ग्रामपंचायत.

महापालिकेला पत्र का? कोटपाखाली विक्रेत्याला इथेही २०० रुपयेच दंड होतो आणि दुसऱ्या दिवशी टपरी पुन्हा उघडते. टपरी विनापरवाना किंवा अतिक्रमणात असेल तर ती हलवण्याचा अधिकार पालिकेचा आहे. टपरी टिकते की हलते हे बहुतेक वेळा याच दुसऱ्या पत्रावर ठरतं.

९. खासगी क्लासपासूनही १०० यार्ड धरायचे का?

नियमांतली ‘शैक्षणिक संस्था’ म्हणजे सक्षम यंत्रणेने स्थापन केलेली किंवा मान्यता दिलेली शाळा, महाविद्यालय, उच्च शिक्षण संस्था. नुसता शिकवणी वर्ग त्यात बसवणं अवघड आहे. तिथे प्रश्न १० मधला मार्ग वापरा, तो अंतरावर अवलंबून नाही.

१०. वडिलांसाठी सिगारेट आणायला मुलगा दुकानात गेला तर?

दुकानदाराने देता कामा नये. वडिलांची चिठ्ठी, फोन, काहीही चालत नाही. वय अठरा पूर्ण आहे याची खात्री करणं विक्रेत्यावर आहे. शंका आली तर ओळखपत्र मागायचं. अल्पवयीन मुलाला टपरीवर बसवून विकायला लावणंही चालत नाही. कोटपाचा दंड २०० रुपयांचा असला तरी बाल न्याय कायद्याच्या कलम ७७ मध्ये सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि १ लाखापर्यंत दंड आहे. पोलीस ठाण्यात तक्रार देताना या कलमाचा उल्लेख अर्जात लेखी करा, तोंडी नको.

११. गुटख्यावर बंदी आहे, मग साधी तंबाखू उघड कशी विकली जाते? मावा चालतो का?

२०११ च्या अन्न सुरक्षा नियमांनुसार कोणत्याही अन्नपदार्थात तंबाखू किंवा निकोटिन घालता येत नाही. त्याच कायद्याखाली महाराष्ट्रात २० जुलै २०१२ पासून गुटखा आणि पानमसाल्यावर बंदी आहे. आयुक्तांना असा आदेश एका वेळी एका वर्षासाठीच काढता येतो, म्हणून तो दरवर्षी नव्याने निघतो. ‘मुदत संपली, आता चालतं’ ही अफवा इथूनच उठते. पुढे सुगंधित तंबाखू, सुगंधित सुपारी, मावा आणि खर्रा हेही बंदीत आले.

साधी, सुगंध न घातलेली तंबाखू या बंदीत येत नाही. ती कोटपाच्या इशाऱ्यासह विकता येते. म्हणजे टपरीवर सुपारी, तंबाखू आणि चुना वेगवेगळे दिसले तर कारवाई अवघड, पण तेच घोटून पुडी बांधली की तो मावा झाला आणि बंदीत आला. गुटखा कंपन्यांनी बंदीनंतर पानमसाला आणि तंबाखू अशा दोन जोडपुड्या काढल्या. महाराष्ट्रात पानमसालाही बंद असल्याने ही युक्ती इथे कामाची नाही.

तक्रार अन्न व औषध प्रशासनाच्या १८००-२२२-३६५ या टोल फ्री क्रमांकावर करा. कुठला ब्रँड, कुठलं दुकान, माल कुठे ठेवलेला असतो आणि साधारण किती वाजता येतो, हे सांगितलंत तर धाड उपयोगी पडते. टपरीत एका वेळी मोजक्याच पुड्या असतात, साठा जवळच्या घरात किंवा गाडीत असतो. नुसतं ‘अमुक चौकात गुटखा मिळतो’ एवढ्यावर हाती काही लागत नाही.

१२. सुटी सिगारेट मागणं गुन्हा आहे का?

मागणं नाही, विकणं आहे. महाराष्ट्राने सप्टेंबर २०२० मध्ये सिगारेट आणि विडीची सुटी विक्री बंद केली. एक कांडी हातात आली की पाकिटावरचा इशारा दिसतच नाही, आणि शाळकरी मुलाच्या खिशाला एक कांडी परवडते, पाकीट परवडत नाही. कारणं चोख आहेत. अंमलबजावणी मात्र शहरात कुठल्याही टपरीवर उभं राहिलं की दिसते, आणि ती समाधानकारक नाही.

१३. व्हेप ऑनलाइन मागवलं तर?

व्हेप म्हणजे ई-सिगारेट. तिचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, जाहिरात आणि साठवण सगळं बंद आहे. साठवणीला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. बाकी गोष्टींत पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा १ लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केल्यास तीन वर्षं आणि ५ लाखांपर्यंत. निव्वळ ओढण्याचा वेगळा गुन्हा कायद्यात लिहिलेला नाही, पण परदेशातून एक जरी मागवलं तरी ती आयात आहे. ‘निकोटिन नाही, फक्त फ्लेवर’ असं सांगून विकलं जाणारंही याच बंदीत येतं.

१४. मला सोडायची आहे. सुरुवात कुठून करू?

राष्ट्रीय क्विटलाइन १८००-११-२३५६ वर फोन करा. हा क्रमांक प्रत्येक पाकिटावर छापलेला असतो, फोन मोफत आहे. मोबाइलवर संदेशांतून मदत हवी असेल तर ०११-२२९०१७०१ वर मिस्ड कॉल द्या. समोरासमोर बोलायचं असेल तर त्र्यंबक रोडच्या जिल्हा रुग्णालयात जा.

येत्या दोन आठवड्यांतला एक दिवस ठरवा आणि घरच्यांना सांगा. तोवर प्रत्येक वेळी कधी, कुठे आणि कोणाबरोबर घेतली ते लिहून ठेवा. बहुतेकांच्या यादीत सकाळचा चहा, शौचाची वेळ, जेवणानंतर आणि कंपनीतल्या शिफ्टची सुट्टी हीच ठिकाणं निघतात. प्रत्येकासाठी पर्याय आधीच ठरवा: बडीशेप, भाजलेले फुटाणे, जेवणानंतर लगेच दात घासणं, सुट्टीत टपरीऐवजी दुसऱ्या बाजूला चक्कर. त्या दिवशी डबी, चुनाळू, लायटर, गाडीच्या डिकीतल्या पुड्या सगळं टाकून द्या.

तलफ काही मिनिटांची असते. ती आली की थांबा, खोल श्वास घ्या, घोटघोट पाणी प्या, हात कामात गुंतवा. चिडचिड, डोकं दुखणं, झोप न लागणं, बद्धकोष्ठता हे पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतं आणि दोन ते चार आठवड्यांत ओसरतं. बहुतेक जण याच काळात ‘मला सहन होत नाही’ म्हणून परत वळतात. अशा वेळी औषधांचा आधार घ्यावा. त्यात कमीपणा नाही. निकोटिनचा गम किंवा पट्टी, व्हॅरेनिक्लिन, ब्युप्रोपिऑन यांची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांत केली आहे. शेवटची दोन डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

१५. निकोटिन गम घेतला, पण नुसती उचकी लागली आणि पोटात जळजळ. असं का?

च्युइंगमसारखा चावला म्हणून. जोरात चावलं की निकोटिन लाळेबरोबर पोटात जातं, आणि तिथे ते कामाचं नसतं. सावकाश चावा, तिखटपणा किंवा झिणझिणी जाणवली की गाल आणि हिरडीच्या मध्ये धरून ठेवा. झिणझिणी गेली की पुन्हा दोन-चार वेळा चावा. एक गम साधारण अर्धा तास चालतो. आधीची पंधरा मिनिटं आणि गम तोंडात असताना चहा, कॉफी, सरबत, शीतपेय नको; आम्लामुळे निकोटिन शोषलं जात नाही.

उठल्यापासून अर्ध्या तासात पहिली सिगारेट लागत असेल तर ४ मिलिग्रॅम, नाहीतर २. पहिले सहा आठवडे दर एक-दोन तासांनी एक, पुढचे तीन आठवडे दर दोन-चार तासांनी, शेवटचे तीन दर चार-आठ तासांनी. दिवसाला २४ च्या वर नाही. २ मिलिग्रॅमचा गम चिठ्ठीशिवाय मिळतो, ४ साठी चिठ्ठी लागते. गरोदरपण, नुकताच आलेला हृदयविकाराचा झटका, जबड्याचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.

१६. आई मशेरी लावते. ती म्हणते हे दातांचं औषध आहे.

मशेरी म्हणजे भाजलेली तंबाखू. निकोटिन हिरडीतून थेट रक्तात जातं, म्हणून ती लावल्याशिवाय पोट साफ होत नाही असं वाटू लागतं. तंबाखू घातलेल्या टूथपेस्ट आणि दंतमंजनावर भारतात १९९२ पासून बंदी आहे. घरातल्या सुनेला गरोदरपणात मशेरीची सवय असेल तर बाळाचं वजन कमी भरण्याचा आणि मृत बाळ जन्मण्याचा धोका वाढतो. आईला ‘व्यसन’ हा शब्द लागतो, त्यामुळे भांडण न करता आधी दिवसातून किती वेळा ते मोजायला सांगा आणि प्रश्न १४ मधली पद्धत तिच्या वेळांना लावा. आशाताईंशी बोलणं पुष्कळ घरांत सोपं जातं.

१७. तंबाखू सोडली, आता फक्त सुपारी खातो. ठीक ना?

नाही. सुपारी स्वतःच कर्करोगकारक म्हणून वर्गीकृत आहे आणि तोंड आखडण्याचं मुख्य कारण तीच आहे. तोंडात आपलीच तीन बोटं उभी जात नसतील, तिखट सोसत नसेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, दोन-तीन आठवड्यांत न भरणारी जखम असेल, तर दंतवैद्याला लगेच दाखवा.

१८. शेजारी बाल्कनीत ओढतात, धूर आमच्या घरात येतो.

स्वतःच्या घरात किंवा बाल्कनीत ओढणाऱ्याला कोटपा लागत नाही. सोसायटीचं कार्यालय ही कामाची जागा आहे, तिथे लागतो. जिना, लिफ्ट आणि पार्किंगसाठी सर्वसाधारण सभेत ठराव करून फलक लावणं उत्तम. शेजाऱ्याबाबत उरतो तो समजुतीचा मार्ग.

१९. सरळ तंबाखूवरच बंदी का घालत नाहीत?

भूतानने २००४ मध्ये विक्रीवर बंदी घातली, २०१० मध्ये कायदा आणखी कडक केला. तस्करी थांबली नाही. कोविडच्या काळात सीमेपलीकडून चोरटा माल आणणाऱ्यांमुळे संसर्गाची भीती वाढली आणि २०२१ मध्ये बंदी उठली. न्यूझीलंडने १ जानेवारी २००९ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांना कधीच तंबाखू विकायची नाही असा कायदा २०२२ मध्ये केला आणि नव्या सरकारने २०२४ मध्ये, अंमल सुरू होण्याआधीच, तो रद्द केला. मालदीवमध्ये १ नोव्हेंबर २०२५ पासून, १ जानेवारी २००७ किंवा त्यानंतर जन्मलेल्यांसाठी अशी बंदी लागू आहे. पुढच्या पिढीपासून दार बंद करण्याचा हा मार्ग आम्हाला सरसकट बंदीपेक्षा जास्त शहाणपणाचा वाटतो, पण तो टिकायला सरकार बदललं तरी टिकणारी सहमती लागते.

२०. कर वाढवला की गरीबच भरडला जातो ना? आणि विडी एवढी स्वस्त का?

किंमत वाढली की सर्वांत आधी सोडतात किंवा कमी करतात ते गरीब आणि तरुण. आपल्यासारख्या देशांत किंमत १० टक्के वाढली की वापर सुमारे ५ टक्के घटतो, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. किरकोळ किमतीत कराचा वाटा किमान ७५ टक्के असावा ही तिची शिफारस. १ फेब्रुवारी २०२६ पासून सिगारेटवर ४० टक्के जीएसटी आणि लांबीप्रमाणे दर हजार कांड्यांमागे २,०५० ते ८,५०० रुपये उत्पादन शुल्क आहे. विडीवर जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला. हे उलट्या दिशेचं पाऊल आहे. विडीचा धूर सिगारेटपेक्षा सौम्य नसतो, आणि ती ओढणाऱ्याकडे उपचाराला पैसे सर्वांत कमी असतात.

२१. मग सिन्नरच्या विडी कामगार बायकांनी काय करायचं?

हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला बगल देता कामा नये. जागतिक करारातच कलम १७ या कामगारांना आणि शेतकऱ्यांना दुसरी रोजीरोटी मिळवून देण्याबद्दल आहे. विडी वळणाऱ्या बाईला दिवसभर तंबाखूची भुकटी नाकातोंडात घ्यावी लागते आणि मजुरी हजार विड्यांच्या हिशोबाने मिळते. पान खराब निघालं की कपात. करसवलतीचा फायदा तिच्या हातात पोचतोच असं नाही. तंबाखूवरच्या कराचा ठरावीक हिस्सा या घरांच्या नव्या कामासाठी बांधून ठेवा, ही मागणी कर वाढवण्याच्या मागणीसोबतच व्हायला हवी.

२२. तक्रार दिली, पोचही घेतली, तरी महिनाभर काहीच हललं नाही. आता?

आधी तक्रार योग्य कार्यालयात गेली का ते प्रश्न १ प्रमाणे तपासा. गेली असेल तर ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर तीच तक्रार नोंदवा, जुन्या पोचेचा फोटो जोडून. तरीही उत्तर नसेल तर दहा रुपयांच्या तिकिटाचा माहिती अधिकाराचा अर्ज त्याच कार्यालयात द्या. ‘कारवाई का केली नाही’ असं विचारू नका, ‘का’ला उत्तर टाळता येतं. विचारा: अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या अर्जावर कोणत्या अधिकाऱ्याने कोणत्या तारखेला काय शेरा लिहिला त्याची प्रत; आणि गेल्या बारा महिन्यांत या हद्दीत कोटपाच्या कलम ४ (सार्वजनिक धूम्रपान) आणि ६ (अल्पवयीनांना आणि शाळेजवळ विक्री) खाली झालेल्या दंडाच्या पावत्यांची संख्या आणि रक्कम. उत्तराची मुदत ३० दिवस. न आल्यास पुढच्या ३० दिवसांत त्याच कार्यालयातल्या प्रथम अपिलीय अधिकाऱ्याकडे अपील करता येतं.